बांगड्याच्या पोटातलं प्रोटामिन

मंडळी, या वीकांताचा विषय जरा अवघड जागेचा आहे. पुरुषाच्या शुक्राणूत डीएनए कसा भरलेला असतो, तो भरणारी प्रथिनं कोणती, आणि ते भरणं बिघडलं तर मूल होण्यात काय अडचण येते, हा तो विषय. "शनिवारी सकाळी चहाबरोबर हे काय?" असं कुणी म्हणेल. पण या गोष्टीची सुरुवात थेट मासळीतून होते, आणि मासळीचा विषय निघाला की मालवणी माणूस काहीही ऐकून घेतो. :)

तर मासळीपासूनच सुरू करू.

मालवणच्या बंदरावर किंवा देवगडच्या लिलावात पावसाळ्याच्या आगेमागे मासे घेतले की घरी साफ करताना पोटात दोन प्रकारच्या पिशव्या सापडतात. मादीच्या पोटात दाणेदार, पिवळसर गाबोळी. तिचं कौतुक काय सांगावं! तव्यावर परतलेली गाबोळी वाटून घेण्यावरून घराघरात भांडणं होतात. नराच्या पोटात मात्र पांढरी, मऊ, दुधाळ पिशवी असते. तिला गाबोळीसारखा मान नाही. बऱ्याच घरांत ती मांजराच्याच वाट्याला जाते.

विज्ञानात मात्र उलटं झालं. आपल्या आजच्या गोष्टीतलं सगळं मोठं काम त्या मांजराच्या वाट्याच्या पिशवीवर झालं.

ऱ्हाइनचा सामन आणि थंडीत काम करणारा माणूस

फ्रीडरिख मीशर हा स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावचा. जन्म १८४४. डॉक्टरकी शिकला, पण पुढे रसायनशास्त्राकडे वळला. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला होप्पे-सायलर यांच्या प्रयोगशाळेत (जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात ही प्रयोगशाळा होती!) त्याने दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन पांढऱ्या पेशी गोळा केल्या. त्यांच्या केंद्रकातून त्याला फॉस्फरस असलेला एक नवाच पदार्थ मिळाला. त्याने त्याला 'न्युक्लेइन' नाव दिलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो हाच, म्हणजे वॉटसन-क्रिकच्या ८४ वर्षं आधी.

पण पुवात भेसळ फार. मीशर बाझलला परतला तेव्हा त्याला याहून चांगला माल घराशेजारीच मिळाला. त्या काळी ऱ्हाइन नदीत समुद्रातून सामन मासे अंडी घालायला वर यायचे आणि बाझलला त्यांची मोठी मासेमारी होती. शुक्राणू म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रक आणि शेपूट, त्यामुळे भेसळ कमी. अडचण एवढीच की न्युक्लेइन उबेत खराब होतं. म्हणून तो थंडीच्या दिवसांत, खिडक्या उघड्या ठेवून, गोठवणाऱ्या खोलीत काम करायचा. आपण सर्व्हर रूममध्ये एसी लावून कुडकुडतो, तसंच काहीसं.

१८७४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलं की सामनच्या शुक्राणूत न्युक्लेइन एकटं नसतं. त्याला घट्ट चिकटलेला, नायट्रोजनने भरलेला एक आम्लारिधर्मी पदार्थ असतो. त्याचं नाव त्याने ठेवलं 'प्रोटामिन'. म्हणजे डीएनए आणि त्याला बांधणारी दोरी, दोन्ही एकाच माणसाने पाच वर्षांच्या अंतराने शोधली.

त्याच माशात त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. सामन नदीत शिरला की खाणं सोडतो. महिनोन्महिने उपाशी राहून वर चढतो आणि त्या काळात त्याच्या पाठीचं मांस झडत जातं, तर प्रजननाचे अवयव फुगत जातात. म्हणजे अंगचं मांस मोडून पुढची पिढी घडवणं! मीशर १८९५ मध्ये क्षयाने गेला, वयाच्या ५१ व्या वर्षी. ऱ्हाइनचा सामनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंधारे आणि प्रदूषणामुळे जवळपास संपला.

कोसेलची मासळी बाजाराची यादी

पुढचं नाव अल्ब्रेख्ट कोसेल. याने १८८४ मध्ये हंसाच्या रक्तपेशींतून 'हिस्टोन' वेगळं केलं. हिस्टोन म्हणजे आपल्या शरीरातल्या नेहमीच्या पेशींत डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ते प्रथिन. रिळाभोवती दोरा गुंडाळावा तसं. मग कोसेल आणि त्याचे सहकारी प्रोटामिनकडे वळले आणि एकेका माशाच्या मागे लागले. सामनचं ते 'साल्मिन', हेरिंगचं 'क्लुपेइन', स्टर्जनचं 'स्टुरिन', आणि मॅकेरलचं 'स्कॉम्ब्रिन'.

मॅकेरल! म्हणजे आपल्या बांगड्याचा युरोपातला चुलतभाऊ. आणि हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या, पेडव्याच्या भाऊबंदांपैकी. जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या टेबलावरची यादी वाचली तर मालवणच्या टोपलीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

कोसेलला दिसलं ते असं. इतर प्रथिनांत वीसेक प्रकारचे घटक (अमिनो आम्लं) असतात, प्रोटामिनमध्ये मात्र मोजकेच. त्यातही 'अर्जिनीन' नावाच्या एकाच घटकाची भरमार. सामनच्या प्रोटामिनमध्ये जेमतेम ३२ घटक, आणि त्यातले सुमारे दोन-तृतीयांश अर्जिनीन. कोसेलला १९१० मध्ये नोबेल मिळालं ते केंद्रकातली प्रथिनं आणि न्युक्लेइन यांवरच्या कामासाठी.

इतकं अर्जिनीन कशाला? उत्तर सोपं आहे. डीएनएच्या कण्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्याचे पदर एकमेकांना ढकलतात. अर्जिनीनवर धन भार असतो. तो त्या ऋण भाराला मारतो, ढकलाढकली थांबते आणि पदर एकमेकांना चिकटून बसतात.

आता विचार करा. वडिलांकडून मुलाकडे जे काही जातं ते या इवल्याशा डोक्यातून जातं. त्यात दोनच गोष्टी, डीएनए आणि हे प्रथिन. वारसा प्रथिनांतच असणार अशी समजूत तेव्हा पक्की होती. पण वडिलांकडचं प्रथिन निघालं मोजक्या घटकांचं, कंटाळवाणं, 'अर्जिनीन अर्जिनीन अर्जिनीन' असं. अशा मजकुरात नाक-डोळे-स्वभाव कसा लिहिणार? सगळी माहिती दुसऱ्या पदार्थात आहे हे मान्य व्हायला १९४४ चा एव्हरीचा प्रयोग आणि त्यापुढची काही वर्षं जावी लागली.

एक वळसा: औषधाच्या बाटलीतला मासा

मुख्य गोष्टीआधी एक वळसा घेतो, कारण तो आपल्या घरापर्यंत येतो.

प्रोटामिनचा चिकटपणा डॉक्टरांच्या कामी आला. डेन्मार्कच्या हागेडॉर्नने १९३६ मध्ये माशाचं प्रोटामिन इन्शुलिनमध्ये मिसळलं, तर इन्शुलिन कातडीखालून हळूहळू सुटायला लागलं आणि दिवसातल्या सुया कमी झाल्या. १९४६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. तेच 'एनपीएच' इन्शुलिन. यातला 'एन' न्यूट्रलचा, 'पी' प्रोटामिनचा आणि 'एच' हागेडॉर्नचा. घरात कुणी दुधासारखं गढूळ दिसणारं इन्शुलिन घेत असेल तर त्या गढूळपणात मीशरचा शोध तरंगतो आहे.

दुसरा उपयोग हृदयाच्या शस्त्रक्रियेत. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. काम झालं की त्याचा परिणाम उलटवायला प्रोटामिन सल्फेट देतात. क्वचित एखाद्याला त्याची भयंकर ॲलर्जी येते. औषधावरच्या इशाऱ्यात धोक्याच्या यादीत दोन गोष्टी शेजारी-शेजारी असतात. एक, माशाची ॲलर्जी. दुसरी, आधी झालेली नसबंदी! कारण नसबंदीनंतरही शुक्राणू तयार होत राहतात, त्यांना वाट नसते, ते शरीरातच जिरतात, आणि काही पुरुषांच्या रक्तात स्वतःच्याच प्रोटामिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांच्या वर पुरुषांची नसबंदी झाली. तेव्हाचे तरुण आज बायपासच्या वयाचे, किंवा त्याच्याही पुढचे आहेत. घरात कुणी असे आजोबा असतील तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हे सांगून ठेवावं. धोका लहान आहे, पण सांगायला खर्च काहीच नाही.

असो. वळसा संपला.

माकुल, मोरी, शिनाणे आणि कुर्ली

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मॉरिस विल्किन्स डीएनएचा आकार शोधत होता. (वॉटसन आणि क्रिकबरोबर १९६२ चं नोबेल वाटून घेणारा तिसरा माणूस तो हा.) काढलेल्या डीएनएच्या धाग्यांवर क्ष-किरण टाकून चित्रं मिळत होती, पण प्रश्न असा होता की जिवंत पेशीतही डीएनए असाच असतो का? त्याने सेपिया, म्हणजे आपल्या माकुलाच्या जातीच्या प्राण्याचे शुक्राणू घेतले. त्यांच्या डोक्यात डीएनए इतका शिस्तीत, स्फटिकासारखा रचलेला होता की तसंच सर्पिलाचं चित्र थेट त्या डोक्यांतूनही मिळालं. ती शिस्त प्रोटामिनची.

मग १९६९ मध्ये डेव्हिड ब्लॉक या अमेरिकन संशोधकाने जगभरचा विदा गोळा करून शुक्राणूंमधल्या प्रथिनांची एक यादीच छापली आणि त्यांचे पाच गट केले. गटांची नावं त्याने प्राण्यांवरून ठेवली. मला ही यादी फार आवडते, कारण ती घेऊन मालवणच्या बाजारात फिरता येतं:

पहिला, सामन गट. छोटं, अर्जिनीनने भरलेलं प्रोटामिन. बांगड्याचा तो चुलतभाऊ इथेच.

दुसरा, उंदीर गट. इथल्या प्रोटामिनमध्ये गंधक असलेला 'सिस्टीन' हा घटकही असतो. त्यामुळे प्रोटामिनचे रेणू एकमेकांना गंधकाच्या टाक्यांनी शिवले जातात आणि गाठोडं आणखी मजबूत होतं. माणूस या गटातला. गंमत म्हणजे मोरीच्या कुळात, शार्क माशांतही, सिस्टीनवालं प्रोटामिन सापडलं. मोरीचं फलन आपल्यासारखं मादीच्या शरीरात होतं, बांगड्यासारखं उघड्या समुद्रात नाही.

तिसरा, शिंपल्याचा गट, म्हणजे आपले शिनाणे. हिस्टोन आणि प्रोटामिन यांच्या अधलंमधलं प्रथिन.

चौथा, बेडूक गट. इथे शुक्राणूतही नेहमीचंच हिस्टोन, प्रोटामिन नाही. रोहू-कटला ज्या कार्प कुळातले, त्या कुळातला साधा कार्प आणि प्रयोगशाळेतला झेब्राफिश असेच.

पाचवा, कुर्ली गट! कुर्लीच्या शुक्राणूला शेपूट नसतं, तो पोहत नाही आणि त्याचा डीएनए असा घट्ट बांधलेलाही नसतो. (पुढे कुर्लीतही थोडी हिस्टोनं सापडली, पण घट्ट गाठोडं काही सापडलं नाही.)

म्हणजे निसर्गात एकच उत्तर नाही. प्रोटामिनशिवायही मजेत पोरं होतात. मग उंदराला आणि माणसाला ते का लागतं? डोकं लहान आणि निमुळतं झालं की पोहणं सोपं, प्रवासात डीएनएला इजा कमी, आणि जुन्या खुणा पुसून नवी सुरुवात, अशी तीन कारणं सांगतात. यातलं मुख्य कोणतं यावर अजून एकमत नाही.

रापणीचं जाळं

भरणं म्हणजे नेमकं काय, हे समजायला रापण डोळ्यांसमोर आणा.

रापणीचं जाळं शेकडो मीटर लांब. ते होडीत भरताना वाटेल तसं कोंबून चालत नाही. घडीवर घडी अशी पडली पाहिजे की होडी अर्धवर्तुळात फिरताना जाळं न अडकता भराभर सुटत गेलं पाहिजे. थोडक्या जागेत मावणं ही अर्धी कला. योग्य वेळी, गुंता न होता सुटणं ही उरलेली अर्धी.

माणसाच्या शुक्राणूतला डीएनए सरळ केला तर साधारण एक मीटर भरतो. डोकं सुमारे पाच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. प्रोटामिन या धाग्याच्या छोट्या-छोट्या चकल्या पाडतं (अक्षरशः कडबोळ्यासारखे गोल) आणि त्या एकावर एक रचतं. मग शुक्राणू वृषणातून पुढच्या नलिकेत जाताना गंधकाचे टाके पडतात, जस्तही त्याला आधार देतं. आणि बीजांडात शिरल्यावर? तिथे 'ग्लुटाथायोन' हे टाके उसवतं, आईकडची हिस्टोनं येऊन प्रोटामिनची जागा घेतात आणि काही तासांत वडिलांचा डीएनए पुन्हा वाचण्याजोगा होतो. बांधतो बाप, सोडवते आई!

आता यातला क्रम पाहा. आधी हिस्टोन निघतं, मग 'संक्रमण प्रथिनं' नावाची मधली माणसं येतात, आणि शेवटी प्रोटामिन. (या मधल्या माणसांपैकी 'टीपी-२' जस्ताला धरतं, हे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एस. राव यांच्या गटाने केलं. राव २०२३ मध्ये गेले.) हा बदल करताना डीएनएमधला ताण सोडवायला त्याचे धागे जागोजागी मुद्दाम कापून पुन्हा जोडले जातात. जोडायचं राहिलं तर तुटका डीएनए तसाच आत बांधला जातो. शुक्राणूकडे नंतर दुरुस्तीची सोय जवळजवळ नाही.

आणि एकदा गाठोडं बांधलं की आतला मजकूर वाचता येत नाही. म्हणून प्रोटामिन बनवण्याची सूचना (आरएनए) आधीच काढून काही दिवस बाजूला ठेवलेली असते, वेळ आली की वापरतात. १९९५ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. ही सूचना वेळेआधी अमलात येईल असा बदल केला, तर केंद्रक अवेळी आवळलं गेलं, शुक्राणूंची वाढ अडली आणि नर वांझ झाले. आम्हा संगणकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. तोच कोड, तोच सर्व्हर, फक्त क्रम चुकला की सगळं कोसळतं.

माणसाचं गणित

माणसात प्रोटामिन दोन प्रकारचं, पी-१ आणि पी-२. दोघांची जनुकं सोळाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. निरोगी पुरुषात दोघांचं प्रमाण जवळपास एकास एक. १९८८ मध्ये बॅलहॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही वांझ पुरुषांत हे प्रमाण बिघडलेलं असतं. त्यानंतर बऱ्याच प्रयोगशाळांत हेच दिसलं. साधारण ०.८ ते १.२ ही ठीक मर्यादा. त्याबाहेर गेलं की शुक्राणूंची संख्या, चाल आणि आकार बिघडलेले आणि डीएनए जास्त तुटलेला आढळतो.

हे कारण की नुसता सोबती? २००१ मध्ये उंदरांत दोनपैकी एका प्रोटामिनच्या जनुकाची एकच प्रत बिघडवली, तरी नर वांझ निघाले. पुढे नवी तंत्रं आली आणि चित्र थोडं मवाळ झालं. २०१६ च्या प्रयोगात पी-२ ची एक प्रत गेली तरी उंदरांना पिल्लं झाली, दोन्ही गेल्या तर नाही. २०२२ मध्ये पी-१ ची एक प्रत गेल्यावर पिल्लं कमी, दोन्ही गेल्यावर शून्य. म्हणजे तपशील बदलले, पण मुद्दा राहिला: दोन्ही प्रोटामिनं लागतात.

माणसात मात्र या जनुकांतच दोष सापडणं दुर्मीळ. बहुतेक वेळा जनुक ठीक असतं, बांधण्याची प्रक्रिया मध्येच कुठेतरी बिघडते. एक साधं कारण म्हणजे ताप. २००० साली एका पुरुषाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याला फ्लूचा जोराचा ताप येऊन गेल्यावर पुढचे काही आठवडे शुक्राणूंमध्ये हिस्टोन जास्त राहिलं, पी-२ अर्धवट तयार झालं आणि डीएनए तुटलेला मिळाला. मग आपोआप सुधारलं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि वर प्रवासाचे काही दिवस लागतात. म्हणून आजचा अहवाल ही तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीची बातमी असते.

आणखी एक. बांधणी शंभर टक्के नसते. माणसात अंदाजे ५ ते १५ टक्के डीएनए हिस्टोनवरच राहतो. २००९ मध्ये असं दिसलं की ही हिस्टोनं कुठेही उरत नाहीत, गर्भाच्या सुरुवातीच्या वाढीला लागणाऱ्या जनुकांपाशी जास्त असतात. जणू पुस्तकात घालून ठेवलेल्या खुणेच्या पट्ट्या.

आता परळला

मुंबईत परळला एक संस्था आहे. १९५०च्या दशकात गर्भनिरोधकांची चाचणी करणारा छोटा विभाग म्हणून तिची सुरुवात झाली, पुढे ती 'प्रजनन संशोधन संस्था' झाली. आज तिच्या नावात राष्ट्रीय आणि बाल आरोग्य हेही आहेत. तिथले टी. सी. आनंदकुमार आणि केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. (त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांनी हे केलं होतं, त्यांना न्याय फार उशिरा मिळाला.) मुलं कमी कशी होतील यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेने मूल नसलेल्यांसाठी दार उघडलं! याच संस्थेत डॉ. नफिसा बालसिनोर यांच्या गटाने २०१२ च्या सुमारास वेगळा प्रश्न विचारला. पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या, आणि बायकोच्या तपासणीत काही न सापडलेल्या जोडप्यांत नवऱ्याचा शुक्राणू तपासला तर? एका महत्त्वाच्या जागी डीएनएवरच्या रासायनिक खुणा कमी निघाल्या. हे प्रोटामिन नव्हे, पण त्याच गाठोड्यातली गोष्ट.

मला या सगळ्या इतिहासात हा प्रश्नच सर्वांत मोठा वाटतो. कारण आपल्याकडे तो विचारलाच जात नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली की कुजबूज सुरू होते, "तिका पोर होणा नाय." *तिका*. त्याका नाय. आंगणेवाडीच्या भराडीदेवीला नवस बोलायचा तिने, उपास धरायचे तिने, कणकवली-कुडाळ-कोल्हापूरच्या दवाखान्यात पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून घ्यायचं तिने. देवीवर श्रद्धा असायला माझी हरकत नाही. गाऱ्हाणं घालताना दोघांची नावं घेतली जातात, मग तपासणीला एकटीच का जाते? जगभर पाहिलं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. 'वांझ' हा शब्द मात्र आपण बाईसाठी राखून ठेवला. नवऱ्याची तपासणी त्यामानाने किती सोपी! ना सुई, ना भूल. तरी ती सर्वांत शेवटी होते, आणि तोवर काही घरांत दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

मराठीत हे बोलायची सोय नाही असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेऊन. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. शब्द तेव्हापासून आहेत, वापरणारे कमी.

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही. पण या इतिहासातून चार गोष्टी निघतात त्या सांगतो.

एक, तपासणी दोघांची, एकाच वेळी.

दोन, संख्या ठीक आली म्हणजे संपलं नाही. मोजणी गाठोडी किती ते सांगते, आत बांधलंय कसं ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत डीएनए किती तुटला आहे हे पाहणारी चाचणी 'विस्तारित' तपासण्यांत आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची २०२० ची शिफारस अशी की ती पहिल्याच फेरीत सरसकट करू नये, पुन्हा पुन्हा गर्भपात होत असतील तर विचार करावा. म्हणजे कुणी पहिल्याच भेटीत महागडं पॅकेज पुढे केलं तर का, हे विचारावं.

तीन, प्रोटामिन वाढवणारी गोळी आज तरी नाही. 'अँटिऑक्सिडंट'च्या नावाने बरंच काही विकलं जातं. २०२० मध्ये अमेरिकेत नीट आखलेली चाचणी झाली (तिचं नाव 'मॉक्सी'), त्यात त्या गोळ्यांनी शुक्राणू सुधारले नाहीत, डीएनएची तूटही कमी झाली नाही. तंबाखू-सिगारेट सोडणं, व्हेरिकोसील असेल तर दाखवणं, जोराचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून पुन्हा तपासणं, हे साधे उपाय जास्त कामाचे.

चार, १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने थेट बीजांडात सोडण्याचं तंत्र आहे. अनेकांना त्याने मूल दिलं. पण सुई शुक्राणूला पोचवते, आतलं गाठोडं तिला बदलता येत नाही. यश आलं नाही तर दोष पुन्हा बाईच्या माथी मारण्याआधी एवढं लक्षात असावं.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण मासे प्रजननाच्या काळात असतात. त्या दोन महिन्यांत समुद्राला सवड द्यायची, हे आपल्या कोळी-गाबीत मंडळींना कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. जाळी नारळी पौर्णिमेलाच पाण्यात पडायची. माशाच्या बाबतीत नर आणि मादी दोघांनाही वेळ लागतो, दोघांचंही बरं असावं लागतं, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. माणसाच्या बाबतीतही तेवढं कळलं तरी पुष्कळ.

पुढच्या खेपेला बांगडा साफ कराल तेव्हा ती पांढरी पिशवी मांजराला देण्याआधी एकदा नीट बघा. दीडशे वर्षांचं विज्ञान आहे त्यात. मग खुशाल द्या, मांजराचाही हक्क आहे. :)

चला, भेटू पुढच्या वीकांताला.